आईची हजारावी पौर्णिमा आणि बाथरूम असलेली गाडी

गेल्या काही वर्षांत आईने एकेक गाव सोडलं. आधी नाशिकला दादाकडे जाणं बंद झालं, मग चिपळूणकडचं माहेर, आणि शेवटी पुण्यातल्या पुण्यात हडपसरला राहणारी मावशीसुद्धा. विचारलं की म्हणायची, "आता दगदग नको." खरं कारण घरातल्या बायकांना ठाऊक होतं. सकाळी रक्तदाबाच्या गोळीबरोबर लघवीची गोळी, त्यामुळे दर तासा-दीड तासाने उठावं लागतं. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे कमोडशिवाय चालत नाही. हायवेवरच्या हॉटेलात कमोड मिळालं तरी फरशी कायम ओली असते, काठी सरकते, धरायला काही नसतं आणि दाराबाहेर रांग ताटकळत असते. यावर तिने स्वतःपुरता उपाय शोधला होता. प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. ओठ कोरडे पडेपर्यंत ती "मला तहानच नाही" म्हणायची. तिच्या वयाच्या कितीतरी बायका असं करतात आणि घरच्यांना वाटतं, आई अगदी शांत बसते हो प्रवासात.

आईचा जन्म जानेवारी १९४५ चा. ऐंशी पूर्ण झाली तेव्हा तिने काहीच करू दिलं नाही. म्हणाली, करायचं तर सहस्रचंद्रदर्शन करा, पण हॉल, केटरर आणि फेटे नकोत. सहस्रचंद्रदर्शन नेमकं कधी करायचं यावर जो तो वेगळं सांगतो. कोणी ऐंशी वर्षं आठ महिने म्हणतं, कोणी एक्याऐंशीवं लागलं की पुरे म्हणतं. दादाने सरळ हिशोब मांडला. वर्षाच्या बारा धरून ऐंशी वर्षांच्या पौर्णिमा ९६०. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, म्हणजे तेवढ्या काळात तीसेक. झाल्या ९९०. उरलेल्या दहा पौर्णिमांना दहा महिने. दुसऱ्या बाजूनेही ताळा जुळला, कारण एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात आणि त्याची हजारपट केली की ऐंशी वर्षं दहा महिने होतात. कॅलेंडर उघडलं तर आईची हजारावी पौर्णिमा येत होती ५ नोव्हेंबर २०२५ ला, बुधवारी. त्रिपुरी पौर्णिमा! आईने कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग मला ही गुहागरला बघायची आहे. व्याडेश्वराला त्रिपुर लागलेला असेल. आणि जाताना कोयनानगरवरून न्या."

व्याडेश्वर आमचं कुलदैवत. कोयनानगर म्हणजे बाबांची पहिली नोकरी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे भूकंप झाला, गाव होत्याचं नव्हतं झालं, आणि त्यानंतरच्या धरणाच्या दुरुस्तीच्या कामावर बाबा ओव्हरसियर म्हणून लागले. लग्न होऊन आई तिथेच आली. त्यांचा पहिला संसार कॉलनीतल्या पत्र्याच्या चाळीत झाला. बाबांना जाऊन आता सात वर्षं झाली. त्यांच्यामागे ती तिकडे एकदाही गेली नव्हती.

कॅराव्हॅनची कल्पना माझ्या भाचीची, दादाच्या मुलीची. ती म्हणाली, "आत्या, आजीला बाथरूम शोधत फिरायला लागतं म्हणून ती येत नाही ना? मग बाथरूमच बरोबर नेऊ." महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं हे मी पेपरात वाचलं होतं, पण त्या गाड्या तरुण मुलांच्या आणि परदेशी लोकांच्या, अशी माझी समजूत होती. पुण्यात भाड्याने देणारे बरेच निघाले. बहुतेक गाड्या टेंपो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या. आत झोपायच्या चार जागा, छोटा ओटा, फ्रीज आणि मागच्या बाजूला संडास-बाथरूम. काही जण गाडी चालवायला देतात, काही ड्रायव्हरसकटच देतात. आम्ही ड्रायव्हरसकट घेतली. घाट उतरायचा होता, आणि त्या गाडीचा लांबी-रुंदीचा अंदाज रोज चालवणाऱ्यालाच असतो.

वयस्कर माणसाला न्यायचं असेल, तर फोटो बघून गाडी ठरवू नये. फोटोंत उशा, दिव्यांच्या माळा आणि टेबलावरची फळं दिसतात. कमोडच्या समोर गुडघ्याला किती जागा आहे ते दिसत नाही. म्हणून आम्ही एका रविवारी आईलाच त्यांच्या यार्डात घेऊन गेलो. पहिल्या गाडीची पायरीच एवढी उंच की आईने पाय उचलला आणि परत खाली ठेवला. दुसरीत चढली, पण बाथरूमचं दार इतकं अरुंद की तिरकं होऊन शिरावं लागत होतं. तिसरीत मात्र ती आत गेली, दार लावलं, आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मी हाक मारणार तेवढ्यात आतून आवाज आला, "थांब गं, बघतेय." कपडे घातलेल्या अवस्थेतच ती कमोडवर बसून उठून बघत होती, तीन-चारदा. बाहेर आल्यावर तिने मालकाला दोन प्रश्न विचारले. "कडी आतून अडकली तर बाहेरून उघडते का?" आणि "इथे उजव्या हाताला एक दांडा बसवून द्याल का?" कडी बाहेरून उघडत होती. दांडा त्याने आठवड्याभरात बसवला. गाडी तिथेच ठरली.

पायरी त्या गाडीचीही थोडी उंच होतीच. आमच्या कर्वेनगरच्या वेल्डिंगवाल्याकडून मी दोन पायऱ्यांचं रुंद लोखंडी स्टूल करून घेतलं, वर खरखरीत रबर चिकटवून. फिजिओथेरपिस्टने आईला पक्कं शिकवलं होतं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. ते ती दर वेळी पुटपुटत करायची. डॉक्टरांकडेही आधी जाऊन आलो. त्यांनी प्रवासाच्या दिवसांपुरती लघवीच्या गोळीची वेळ बदलून दिली आणि तिला बजावलं की पाणी कमी करायचं नाही. गोळीची वेळ आपल्या मनाने मात्र कोणी पुढेमागे करू नये.

गाडी घेताना आणखी काय बघायचं तेही सांगते, कारण आम्हाला हे विचारत विचारत शिकावं लागलं. आरसीवर गाडीची नोंद कॅराव्हॅन म्हणून आहे ना, हे आधी बघायचं. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. ज्या टेकडीवर आम्ही लहानपणी फिरायला जायचो, तिथल्या एआरएआय या गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेकडून ही मानकं प्रकाशित होतात, हे कळल्यावर मला उगाच घरचं काही सापडल्यासारखं वाटलं. साधी व्हॅन आतून फोडून पलंग टाकलेल्या गाड्याही बाजारात फिरतात, त्यांच्या नादी लागू नये. चालत्या गाडीत जितकी माणसं, तितक्या पट्टे असलेल्या सीट हव्यात. झोपायच्या जागा चार आणि पट्टे सहा, किंवा उलट, असं असू शकतं. पलंग गाडी थांबल्यावर वापरायचा. चालत्या गाडीत कोणी उभं राहायचं नाही की बाथरूमलाही जायचं नाही. हे आईला सांगितल्यावर ती थोडी हिरमुसली, पण मालकाने समजावलं की तिने सांगितलं की ड्रायव्हर मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेईल. त्यावर तिनेच खूण ठरवली, काठी दोनदा जमिनीवर आपटायची.

वीज आणि पाणी हा खरा अभ्यास. स्वच्छ पाण्याची टाकी शंभर लिटरची होती. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण चार माणसं घरच्यासारखी आंघोळ करायला लागली तर सकाळीच संपते. म्हणून आंघोळी मुक्कामाच्या घरी आणि गाडीतलं पाणी फक्त बाथरूमला, असा नियम केला. सांडपाण्याची टाकी वेगळी असते. संडासाला खाली सुटकेससारखा डबा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. त्यात वास घालवणारं औषध टाकलेलं असतं आणि रोज तो डबा संडासात नेऊन रिकामा करावा लागतो. त्यामुळे मुक्कामाच्या जागी आधीच विचारून ठेवायचं. दिवे, पंखे, फ्रीज, पंप हे बॅटरीवर चालतात. एसी मात्र बॅटरीवर रात्रभर चालत नाही, त्याला बाहेरून वीज जोडावी लागते. त्यासाठी सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो, टीव्हीच्या प्लगवर भागत नाही. एका ठिकाणी फोनवर "हो हो, लाइट आहे" म्हणून सांगितलं होतं. मी व्हिडिओ कॉल करून पॉइंट दाखवायला लावला, तर बागेतल्या दिव्याची वायर निघाली. ते ठिकाण आम्ही सोडलं. शेवटी गुहागरच्या एका काकूंनी विहिरीच्या पंपाचा पॉइंट देऊ केला. त्या घरी खोल्या देतात, जेवण करून घालतात. ड्रायव्हरने त्यांच्याकडून घरापर्यंतच्या रस्त्याचे फोटो मागवले. गाडीची उंची दहा फुटांच्या आसपास. कोकणातल्या वाडीत दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, वर फणसाच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या तारा. त्याचं फोटो मागणं किती बरोबर होतं ते तिथे गेल्यावर कळलं. शेवटच्या वळणावर काकूंच्या मुलाने बांबूने एक वायर उचलून धरली, तेव्हा गाडी आत आली.

गाडीत आई, मी, दादा आणि भाची. मागून कारने माझे यजमान, वहिनी आणि माझा मुलगा. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय प्रत्येक मुक्कामी वेगळ्या खोलीत केली होती. घाटात गाडी चालवणाऱ्याची झोप पुरी झालीच पाहिजे, तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

आमच्या सोसायटीची कमान बुटकी, म्हणून गाडी पहाटे बाहेर मुख्य रस्त्यावरच उभी राहिली. वारज्यावरून बायपास धरला, कात्रजचा बोगदा ओलांडला, तरी आई एकदम ताठ बसलेली. मी बघत होते, पाण्याची बाटली तशीच. खेड-शिवापूरचा टोलनाका गेला. खंबाटकी घाट चढायच्या आधी काठी दोनदा वाजली. ड्रायव्हरने ढाब्याच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. आई गेली, आली, हात धुतले, नॅपकिनला पुसले. बाहेर ट्रक उभे होते, माणसं चहा पीत होती, कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. ती खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "एवढंच होतं होय?" आणि तिने बाटलीचं झाकण उघडलं.

त्यानंतर तिने रस्ता खऱ्या अर्थाने बघायला सुरुवात केली. साताऱ्यापुढे अजिंक्यतारा मागे पडल्यावर तिने भाचीला बोरीची झाडं, उसाचे ट्रॅक्टर, मेंढपाळांचे तांडे दाखवले. दर दीड तासाने आम्ही थांबत होतो. पलंग उघडायचा, तिने पंधरा-वीस मिनिटं पाय वर करून पडायचं, मग चार पावलं चालायचं. गाडीत बसून एरवी तिचे पाय असे सुजायचे की संध्याकाळी चपलेचा पट्टा घोट्यात रुतायचा. या वेळी रुतला नाही. सव्वाशे मैलांच्या आतला रस्ता आम्ही दिवसभर पुरवला. नकाशा चार-पाच तास सांगतो, तो तरुण मूत्राशयाचा हिशोब आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्याच्या दुप्पट वेळ धरावा आणि दिवसाला दोनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

उंब्रजला हायवे सोडला. मल्हारपेठ, पाटण करत दुपार कलताना कोयनानगर आलं. पाटणला गाडीची टाकी भरताना मी आईची बाटली हातात घेतली, तर ती रिकामी होती. सकाळपासून दुसऱ्यांदा भरत होते. प्रवासात आईची बाटली रिकामी झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

कोयनानगरला मला वाटलं होतं ती रडेल. ती अजिबात रडली नाही, उलट तिची बडबड सुरू झाली. नेहरू उद्यानातून धरणाची भिंत दिसते. १०३ मीटर उंच, आणि भूकंपात वरच्या अंगाला तडे गेले होते. आई काठीने दाखवायला लागली, "ते मधले उंच भाग बघ. त्यांना मागून काँक्रीटचे टेकू दिले, ते काम तुझ्या बाबांच्या वेळचं. रात्रपाळी असली की मी डबा द्यायला यायची आणि चौकीदार मला पुढे येऊ द्यायचा नाही." चाळ कुठे होती ते काही तिला सापडलं नाही. झाडं वाढली होती, रस्ते बदलले होते. एका वळणावर ती म्हणाली, "इथे असावी," मग पुढच्या वळणावर म्हणाली, "नाही, इथे." दादा गाडी थांबवून विचारायला उतरणार होता, पण तिनेच नको म्हटलं. "भूकंपानंतर किती वर्षं आम्ही दाराला आतून कडी लावून झोपलो नाही, माहितीये? घाईने बाहेर पडायला सोपं जावं म्हणून." हे ती आम्हाला पहिल्यांदाच सांगत होती. यार्डात तिने कडीबद्दल का विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिचा हात धरला, ती पुढे बाबांच्या मुकादमाबद्दल बोलत राहिली.

रात्री गारठा होता. तिला खोलीत झोपवायचं ठरलं होतं, पण ती गाडीतच झोपली, खालच्या पलंगावर. बाथरूम चार पावलांवर आणि वाटेत धरायला दोन्हीकडे काहीतरी, असं तिचं म्हणणं. रात्री तीनदा उठली, एकदाही मला हाक मारली नाही. घरीसुद्धा ती एवढ्या निर्धास्तपणे उठत नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट. घाटात गाडी जिथे जिथे वळते, तिथे आतली प्रत्येक वस्तू वळू बघते. ड्रायव्हरने निघायच्या आधी कपाटांच्या कड्या, फ्रीजचं दार, गॅसचा नॉब स्वतः तपासले. ओट्यावरचा आईचा पितळी डबा उचलून खाली चटईत गुंडाळून ठेवला. "आजी, हा उडाला ना तर डोक्यात बसंल," म्हणाला. उतारावर त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली आणि ब्रेक सारखे दाबले नाहीत. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना जागा मिळेल तिथे पुढे जाऊ दिलं. खाली पोफळी, मग अलोरे, बहादूरशेख नाका, चिपळूण. हवा एकदम दमट झाली. गुहागरला पोचलो तेव्हा काकू तांब्याभर पाणी घेऊन अंगणात उभ्या. "आजी, आधी पाय धुवा, मग बोलू."

गाडी समुद्रावर नेऊन उभी करावी असं माझ्या मुलाच्या मनात होतं. काकूंच्या यजमानांनी साफ नको म्हटलं. पहिलं म्हणजे वाळूत एवढं वजन रुततं. दुसरं, पौर्णिमेला उधाण. त्यांनी बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री त्या सुमारास भरती आणि संध्याकाळी ओहोटी. "चंद्र उगवताना पाणी लांब असेल, वाळू टणक असेल. आजींची खुर्ची तेव्हा न्या. गाडी अंगणात राहू दे." आम्ही तसंच केलं.

पौर्णिमेच्या सकाळी व्याडेश्वराला अभिषेक झाला. दुपारी वहिनी आणि काकूंनी कणकेचे दिवे केले, हळद घालून, मोदकपात्रात वाफवून, एक्याऐंशी. आई दिवे मोजत होती आणि मधेच म्हणाली, "मला ओवाळताय कशाला? मी आता ओवाळून घेणारी बाई राहिले का?" बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला मागे उभी राहते. कोणी तिला तसं सांगत नाही, ती स्वतःच राहते. वहिनीने हातातली कणीक ठेवली नाही, वरही बघितलं नाही. "आई, हजार चंद्र तुम्ही पाहिलेत. ओवाळायचं त्याचं आहे. त्याला कुंकवाचा काय संबंध?" काकू म्हणाल्या, "बरोबर आहे हो." त्यांच्या सासूबाईंनीही माजघरातून होकार भरला. आई गप्प बसली आणि पुन्हा दिवे मोजायला लागली. मोजणी चुकली होती, पहिल्यापासून मोजले.

गाडीत गॅस, पडदे आणि फोमचे पलंग, त्यामुळे निरांजनसुद्धा आत लावायचं नाही हे आधीच ठरलं होतं. काकूंच्या सारवलेल्या अंगणात तिन्हीसांजेआधी औक्षण केलं. समुद्राकडून वारा होता, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला दोन पराती ठेवल्या. तरी सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले राहीनात. एका बाजूने लावत गेलं की दुसऱ्या बाजूचे विझायचे. माझा मुलगा आणि भाची दोन्हीकडून काड्या घेऊन बसली. शेवटी वहिनीने, मी, काकूंनी, आणि मग दादानेही ओवाळलं. आईने मान खाली घातली होती. माझ्या कुंकवाच्या बोटाला तिने नको म्हटलं नाही.

मग खुर्ची घेऊन समुद्रावर. कोकणात समुद्र पश्चिमेला, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून उगवत नाही. तो आपल्या पाठीमागून, सह्याद्रीच्या बाजूने वर येतो. हे आईला ठाऊक होतं, आमच्या मुलांना नव्हतं. पौर्णिमेला सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला जवळजवळ एकच गाठ पडते. ओहोटीच्या टणक वाळूत आम्ही खुर्ची ठेवली, तोंड समुद्राकडे. सूर्य पाण्याला टेकला आणि तिने खुर्ची फिरवायला सांगितली. सुरूच्या बनामागे, माडांच्या शेंड्यांवर चंद्र आला होता, मोठा आणि पिवळट. २०२५ मधल्या पौर्णिमांत याच पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, ते दादाने सांगितलं. आईने हात जोडले आणि विचारलं, "हा धरून हजार ना रे?" दादा म्हणाला, "हा धरून." त्यावर ती म्हणाली, "मग चला, त्रिपुर बघू. तेल संपायच्या आत." देवळात पोचलो तेव्हा त्रिपुर लागला होता. गर्दी होती, पण लोकांनी काठी बघून वाट दिली.

तिने खरा चंद्र बघितला तो दुसऱ्या दिवशी पहाटे. ती रोज चारलाच उठते. मला जाग आली तेव्हा ती कपडे करून बसली होती. "उठ, मावळताना बघू." समुद्र घरापासून जवळच, पण काठीने तिला बरंच चालावं लागलं. मी विजेरी धरली, भाची दुसऱ्या बाजूला. पौर्णिमेनंतरच्या पहाटे चंद्र पश्चिमेला असतो, म्हणजे आता तो समुद्रावर होता, आणि त्याच्या खालच्या पाण्यावर लांब उजेड पडला होता. समुद्रावरून चंद्र बघायचा म्हणजे हा, हे तिच्या मनात पहिल्यापासून होतं. ती अर्धा तास उभीच राहिली. खुर्ची आणायला भाची निघाली तर नको म्हणाली. मग बाबांबद्दल, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या गुहागरच्या फेरीबद्दल बोलत राहिली. ते इथे लिहीत नाही, ते भाचीसाठी होतं.

खर्चाचं लोक विचारतात. आमच्यासारख्या सात जणांना दोन-तीन खोल्या आणि एक मोठी भाड्याची गाडी यांपेक्षा कॅराव्हॅन महागच पडली, शिवाय कार वेगळी. दिवसाच्या भाड्यात किती किलोमीटर धरलेत, त्यापुढे किलोमीटरला काय दर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, कॅसेटची सफाई, अनामत रक्कम, हे सगळं आधी लिहून घ्यावं. निघायच्या आधी आतल्या प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढून ठेवावेत. स्वस्तात हिंडायला ही गाडी घेऊ नये. तरुण, धडधाकट माणसांना तिची गरजही नाही. पण घरात कोणी पाणी तोडून प्रवास करत असेल, डायलिसिसच्या मधल्या दिवशी कुठे जावंसं वाटत असेल, कंबर सरळ ठेवल्याशिवाय बसवत नसेल, तर तिथे ही गाडी सोन्यासारखी आहे. मात्र डॉक्टरांना विचारून, आणि ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच गाडीत चढवून, बसवून, उठवून बघून.

परतीला आम्ही पाटणला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पुण्यात आलो. अपघातांसाठी बदनाम असलेल्या नवले पुलाच्या उतारावर संध्याकाळी पोचायचं नाही, हे ड्रायव्हरने निघतानाच ठरवलं होतं.

आता आई रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसते आणि तिच्या वयाच्या बायकांना बाथरूमचं दार किती रुंद हवं ते दोन्ही हातांनी दाखवते. तळमजल्यावरच्या काकूंना गाणगापूरला जायचं आहे. त्याही प्रवासात पाणी पीत नाहीत. येत्या रविवारी त्यांना आणि आईला घेऊन मी यार्डात जाणार आहे. रोजची साडी, रोजच्या चपला आणि काठी घेऊन या, एवढंच त्यांना सांगितलं आहे.